खोकल्यासाठी काहीतरी द्या

परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. माझ्या पुढे चाळिशीचे एक गृहस्थ. हातात हेल्मेट, गाडी रस्त्यावर तशीच तिरकी लावलेली. काउंटरवर हात टेकवून म्हणाले, "खोकल्यासाठी काहीतरी द्या."

मागच्या मुलाने विचारलं, "सुका का कफाचा?"

"सुका."

बाटली आली, पैसे गेले, गृहस्थ गाडीवर बसून निघूनही गेले. सगळा व्यवहार मिनिटाच्या आत. खोकला त्यांना स्वतःला होता, बायकोला होता, म्हाताऱ्या आईला होता की दोन वर्षांच्या मुलाला, हे काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. आमचा फळवाला याहून जास्त चौकशी करतो. आंबा आज खायचाय की परवा, एवढं तरी तो विचारतोच!

एरवी मी यावर एखादा विनोद करून मोकळा झालो असतो. पण मला तो अधिकार राहिलेला नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः अडीच महिने म्हणत होतो, आणि ते माझ्या वडिलांना चांगलंच महागात पडलं.

बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. रक्तदाब थोडा वाढला म्हणून डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली होती. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी त्यांना खोकला सुरू झाला. सुका, टोचणारा, घशात पीस अडकल्यासारखा. ताप नाही, सर्दी नाही, कफ नाही. दिवसा कमी, रात्री आडवं झालं की जास्त. आई म्हणाली हवा बदलली आहे. मी म्हणालो धुळीचा आहे, समोर बांधकाम चालू आहे ना. आणि गेलो मेडिकलमध्ये.

पहिली बाटली संपली. फरक नाही. दुसरी वेगळ्या कंपनीची आणली, वेगळ्या रंगाची. (माझी समजूत अशी की रंग बदलला म्हणजे औषध बदललं. नंतर मागची बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत जवळपास तेच.) मग कुणीतरी सांगितलं म्हणून तीन गोळ्यांची ती प्रसिद्ध अँटिबायोटिकची स्ट्रिप. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही असा कायदा आहे, पण मला ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळाली. मग अडुळसा. मग ज्येष्ठमध. आणि शेवटी, "काका, याने नक्की झोप लागेल" अशी खात्री देऊन दिलेली एक बाटली आणि सोबत सर्दीच्या गोळ्या.

झोप लागली. तिसऱ्या रात्री दोन वाजता बाबांनी मला उठवलं. लघवी होत नव्हती. संध्याकाळपासून होत नव्हती, पण सांगायचं कसं म्हणून ते गप्प बसले होते. पोट फुगलेलं, अंगाला घाम, आणि बाथरूमच्या दाराला धरून उभे. आयुष्यभर शाळेत मुलांना ताठ उभं राहा म्हणून सांगणारा माणूस असा वाकून उभा होता.

हॉस्पिटलमध्ये नळी घालून लघवी काढली. तिथली डॉक्टर मुलगी माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने विचारलं, "काका, सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत?" मी घरी जाऊन सगळी पिशवी घेऊन आलो. तिने एकेक बाटली उलटी करून वाचली आणि बाजूला ठेवली. दोन बाटल्यांत आणि गोळ्यांत मिळून जुन्या पद्धतीची, गुंगी आणणारी अँटिहिस्टॅमिन्स होती. उतारवयात प्रोस्टेट वाढलेली असली की ती लघवी अडवू शकतात. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं फेनिलेफ्रिनही होतं, जे रक्तदाबाच्या माणसाला जपून द्यायचं असतं. मग तिने रक्तदाबाच्या गोळीची स्ट्रिप हातात घेतली, नाव वाचलं आणि विचारलं, "खोकला ही गोळी सुरू केल्यानंतरचा की आधीचा?"

अडीच महिन्यांत हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं अशा गोळ्यांनी काही लोकांना सुका खोकला होतो. काही म्हणजे अगदी विरळा नव्हे. साधारण दहांत एकाला, आपल्याकडे कदाचित त्याहून जास्त. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा फायदाही असतो. पण ती चालू असेपर्यंत तो खोकला जगातल्या कुठल्याही बाटलीने जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दुसऱ्या प्रकारची दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी.) मूळ डॉक्टरांनी ही शक्यता सांगितली नव्हती का? सांगितलीही असेल. आम्ही तेव्हा पथ्य काय, मीठ किती, याच चर्चेत होतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. सर्दी-खोकल्यात औषध निवडणं हा भाग दुय्यम. आधी विचारपूस व्हायला हवी, आणि आपल्या काउंटरवर नेमकी तीच गायब आहे. सुका का कफाचा, हा प्रश्न बाटली कुठल्या फळीवरून काढायची ते ठरवतो. आजाराबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

ब्रिटनमध्ये औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांना पाच प्रश्न शिकवतात. औषध कुणासाठी? त्रास काय आहे? किती दिवस? आतापर्यंत काय करून पाहिलं? आणि इतर कोणती औषधं चालू आहेत? संपलं. यातला पहिला, तिसरा आणि पाचवा प्रश्न आम्हाला कुणी विचारला असता तर बाबा पहिल्याच आठवड्यात सुटले असते. पाच प्रश्नांना किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं. दीड मिनिट, तेसुद्धा बाबांसारख्या पाल्हाळ लावणाऱ्या माणसाला.

आपल्याकडे गंमत अशी की 'चिठ्ठीशिवाय विकायची औषधं' असा वेगळा वर्ग कायद्यातच नाही. शेड्यूल एच, एच१, एक्स यांत जी आहेत त्यांना चिठ्ठी लागते. जी त्यांत नाहीत ती आपोआप मोकळी. आणि ज्याने विचारायचं, त्या फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर काचेत लावलेलं असतं. फोटोतला चेहरा काउंटरमागे मला तरी क्वचितच दिसला आहे. तिथे असतो तो बारावी झालेला, चुणचुणीत, कुठली बाटली कुठे आहे हे झोपेतही सांगणारा मुलगा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि आपण तरी कुठे उभे राहतो? गाडी तिरकी लावलेली असते.

आता त्या बाटल्यांमध्ये असतं काय, हेही एकदा बघायला हवं. बाबांच्या प्रकरणानंतर मला ती बारीक अक्षरं वाचायचं वेडच लागलं. काही बाटल्यांत खोकला दाबणारं औषध आणि कफ सुटा करणारं औषध एकत्र सापडलं. म्हणजे कफ बाहेर काढ म्हणायचं आणि खोकू नकोस असंही म्हणायचं! जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा मिश्रणांवर बंदी जाहीर केली, त्यातली बरीचशी खोकला-सर्दीचीच होती. काही कंपन्या त्यावर कोर्टात गेल्या. ते असो.

नाक मोकळं करणाऱ्या फेनिलेफ्रिनची गोष्ट तर आणखी मजेची आहे. अमेरिकेत स्यूडोएफेड्रिनपासून लोक नशेचं औषध बनवायला लागले म्हणून २००६ साली ते काउंटरच्या मागे ठेवायचा कायदा झाला, आणि गोळ्यांमध्ये त्याची जागा फेनिलेफ्रिनने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. बरंचसं आतड्यात आणि यकृतातच निकामी होतं, नाकापर्यंत पोचतच नाही. आपल्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये मात्र ते सर्रास असतं. आपण शिंकतो, गोळी घेतो, पाच-सात दिवसांनी सर्दी जाते आणि श्रेय गोळीला. ती घेतली नसती तरी तेवढ्याच दिवसांत गेली असती, पण ते तपासून बघायचा धीर कुणाला?

धोका मात्र खरा असतो. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. अंग दुखतंय, कणकण आहे म्हणून वर ६५०ची वेगळी गोळी घेतली तर एका वेळेला ११५० झाले. दिवसातून चार वेळा म्हणजे ४६००. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, ही यकृताची मर्यादा आपण साध्या सर्दीत ओलांडलेली असते आणि पत्ताही नसतो. दोन गोळ्यांची नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी असं आपण धरतो. मीही रंगावरून बाटल्या ओळखत होतोच की.

नाकात घालायच्या थेंबांचंही तसंच. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब खरंच काम करतात, पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं. पण पाचेक दिवसांच्या पुढे गेलात की थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. आमच्या ऑफिसात एक जण होता, चष्म्याच्या घराशेजारी थेंबांची बाटली. चार वर्षं! त्याला सर्दी नव्हतीच, बाटलीच होती.

मोठ्यांचं एक वेळ सोडा. लहान मुलांचा विषय आला की मला हे सगळं हसत लिहिता येत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या एका पातळ औषधाने गेली. आधी ताप-सर्दी, मग औषध, मग लघवी बंद. मूत्रपिंडं निकामी झालेली कितीतरी मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती आणि त्यांतली बरीच तिथेच गेली. तमिळनाडू सरकारच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालू शकतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. हा विषारी द्राव औद्योगिक कामाचा, चवीला गोडसर. औषधात वापरायच्या शुद्ध द्रावाऐवजी स्वस्तातला भेसळीचा वापरला की तो आत येतो.

आपल्याला हे नवीन नाही, हे जास्त वाईट आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने चौदा रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला होता. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं गेली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार पातळ औषधांबद्दल इशारा दिला. दर वेळी तेच विष, तेच अवयव.

छिंदवाड्यानंतर चर्चा सगळी भेसळीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एक गोष्ट मागे पडली. त्या बाटलीत लिहिल्याप्रमाणे जे असायला हवं होतं, ते होतं पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. यांतल्या शेवटच्या दोहोंचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटल्यांवर छापा असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. गेलेल्यांत पुष्कळ मुलं पाच वर्षांच्या आतली होती. म्हणजे औषध अगदी शुद्ध असतं तरी त्यातल्या कितीतरी मुलांच्या तोंडात ते जायचं कारण नव्हतं. आणि हे नुसतं काउंटरवर घडलेलं नाही, बऱ्याच मुलांना ते डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नाहीत.

मग द्यायचं काय? नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ, अंगावरचं दूध चालूच, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. वर्षाच्या पुढच्या मुलाला मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बाळाला त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. घरगुती म्हणजे निर्धोक असंही नाही. वाफारा घेताना भांडं कलंडून भाजलेलं पोर आमच्या नात्यात आहे.

आणि बघायचं काय? इथे मला गडचिरोलीची आठवण येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गावांत न्यूमोनियावर काम केलं. क्ष-किरण यंत्र नाही, डॉक्टर नाही. गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना त्यांनी बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. अंक मोजायची अडचण होती, तर मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधं उपकरण बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्यावर आले होते.

अक्षरओळख नसलेली दाई जे करू शकली, ते आम्ही पदवीधर मंडळी करत नाही. मी सोसायटीत दहा-बारा आईबापांना विचारलं, मुलाचा श्वास मिनिटाला किती असावा? एकालाही सांगता आलं नाही. मलाही अलीकडेच कळलंय. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ प्यायचं थांबलं असेल, तर मेडिकल नाही, सरळ डॉक्टर. मोठ्यांमध्ये दोन आठवड्यांच्या वर खोकला, थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षय असलेला माणूस खोकल्याच्या बाटल्यांवर दोन महिने काढतो तेव्हा घरच्यांनाही लागण होत राहते.

हे सगळं मी एका मित्राला ऐकवलं तर तो वैतागला. म्हणाला, "साध्या सर्दीला डॉक्टरकडे जायचं म्हणजे चारशे-पाचशे रुपये आणि अर्धा दिवस. रोजावर काम करणाऱ्याने काय करायचं? मेडिकल हाच त्याचा दवाखाना आहे." बरोबर आहे त्याचं. म्हणूनच मला काउंटर बंद करायचं नाहीये. बहुतेक सर्दी-खोकल्याला डॉक्टर लागतच नाही. सर्दी हफ्ता-दहा दिवसांची, मागे राहिलेला खोकला तीन आठवड्यांपर्यंतही रेंगाळतो, नाकातून हिरवं-पिवळं आलं म्हणून अँटिबायोटिक लागतं असं नाही. पण ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याला तर त्या पाच प्रश्नांची गरज जास्त आहे ना? त्याच्यासाठी दुसरं कुणी विचारणारं नाहीच. आणि मेडिकलवाला विचारत नसेल तर आपण आपण होऊन सांगावं. कुणासाठी, किती दिवसांचा, बाकी काय चालू आहे. मी आता सांगतो. मागची रांग चुळबुळते, चुळबुळू दे.

परवा त्या हेल्मेटवाल्या गृहस्थांना मात्र मी काही बोललो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. "कुणासाठी हो?" एवढंच विचारायचं होतं.

बाबांचं आता छान आहे. शर्टाच्या खिशात चालू गोळ्यांची चिठ्ठी असते, शिक्षकी अक्षरात, 'प्रिल' खाली लाल रेघ मारलेली. गेल्या महिन्यात त्यांना खरीखुरी सर्दी झाली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आलं घातलेला चहा, दोनदा पॅरासिटामॉल, बस्स. सहाव्या दिवशी नाक मोकळं झालं. सकाळी पेपर वाचता वाचता माझ्याकडे न बघता म्हणाले, "एखादी बाटली आणली असतीस तर पाचव्या दिवशीच गेली असती."